निवळलेलं पाणी

अर्धा इंच पाऊस झाला की चोवीस तासांच्या आत
मला साइटवर जावं लागतं. नियम आहे.
आज मापकात पाऊण इंच.
पिवळं जॅकेट, वही, बूट,
आणि नॉर्थ कॅरोलिनाची ही तांबडी चिकणमाती
जी माझ्या गाडीच्या पायपुसण्यातून
सात वर्षांत निघालेली नाही.

एकोणचाळीस एकर उघडे पडलेत.
झाडं गेली, मुळं गेली,
उतारावर एकशे बारा घरांच्या खुंट्या ठोकून झाल्या.
खालच्या कडेला गुडघाभर उंचीचं काळं कापड,
गाळ अडवायला.
त्याचा काठ सहा इंच जमिनीत पुरायचा असतो.
इथे तो नुसता टेकवलाय,
फोटोपुरता,
आणि पाणी खालून निघून गेलंय, बिनबोभाट.

'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हणतो ना आपण,
संशय आला की?
इथे पाणी कुठेच मुरत नाहीये,
हाच सगळा घोटाळा.

मुकादम गॅरेट स्टॅन्सिल म्हणतो, उद्या करतो.
त्याचं उद्या मला तोंडपाठ आहे.
माणूस वाईट नाही.
दिवसाचा दंड बुलडोझरच्या भाड्याहून स्वस्त पडतो
हे त्यानंच एकदा मला सांगितलं होतं,
टोपी काढून, जमिनीकडे बघत.

ओढ्याच्या खालच्या अंगाला ल्युरीन टिलरीचं तळं.
नवऱ्यानं खणलेलं, मासे सोडलेलं.
आता बगळा तळ्याच्या मधोमध उभा असतो
आणि त्याचे गुडघे कोरडे.
ती प्रत्येक पावसानंतर लोणच्याच्या बरणीत
ओढ्याचं पाणी भरते, चिकटपट्टीवर तारीख लिहिते.
स्वयंपाकघराच्या खिडकीत तांबड्या बरण्यांची रांग.
वर पाणी, खाली आमचा कारभार.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सुनावणी.
विषय क्रमांक सहा.
आधी चर्चचं पार्किंग, मग कुणाच्या तरी कोंबड्या.
तिची पाळी आली तेव्हा पावणेदहा झाले होते.
तिनं मांडीवरची बरणी टेबलावर ठेवली,
एकोणीस एप्रिलची.
अध्यक्षांनी चष्मा वर सरकवून पाहिलं.
म्हणाले, हे तर चांगलं नितळ दिसतंय, मॅडम.

ती काहीच बोलली नाही.
बरणी उचलली, एकदा उलटी केली, एकदा सुलटी,
आणि परत होती तिथे ठेवली.
सगळ्यांच्या कागदांवर तांबूस उजेड हलला.
मग म्हणाली, "मी बसते. मला घाई नाही."

बिल्डरच्या वकिलानं घड्याळ पाहिलं.
मी माझे नोंदवहीचे आकडे वाचले,
तारखा, उतार, टक्के,
पण बघत होते सगळे बरणीकडेच,
तिच्यातली माती खाली बसते का ते.
साडेदहाला ठरलं:
पुढच्या महिन्यात बघू.
तोवर सगळं निवळेल,
असं कुणीतरी उठता उठता म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी तिथेच.
सफाईवाला हर्मन ती हातात धरून उभा.
विचारलं त्यानं, बाहेरच्या जाळीत ओतू का?
त्या जाळीवर लोखंडात एक मासा कोरलाय,
आणि खाली लिहिलंय, हे पाणी ओढ्याला जातं.
आमच्याच खात्यानं बसवलेली ती जाळी.
नको, म्हटलं, दे इकडे.

आता ती माझ्या शेजारच्या सीटवर आहे,
पट्टा बांधून.
टिलरीबाईंना परत द्यायला निघालेय.
दर गतिरोधकाला
पुन्हा तांबडी होते.